बायबल पहिल्यांदाच हातात घेताय? मग लेवीयपासून सावध राहा

मी बायबल वाचायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा लेवीय नावाच्या पुस्तकात रुतलो. १ जानेवारीला उत्पत्तीपासून सुरू करायचं, रोज तीन अध्याय. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४०, म्हणजे महिनाभर गाडी बरी चालते. फेब्रुवारी लागला की होमबलीची चरबी, गुरदे, काळजावरचा पडदा, कुष्ठाचे डाग आणि भिंतीवरची बुरशी. १० फेब्रुवारीपर्यंत पुस्तक कपाटात.

पुढे कळलं की यात लाजण्यासारखं काही नाही. विलायतेत शिकताना जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, वाचायला घेतला तेव्हा उत्पत्तीच्या पुढे हटकून झोप यायची, असं गांधीजींनीच आत्मकथेत लिहून ठेवलंय. गणना हे पुस्तक तर त्यांना आवडलंच नाही. नव्या करारातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन मात्र थेट काळजाला भिडलं.

मी देवाधर्माचा माणूस नाही. मिरजेत राहतो. खालच्या मजल्यावर मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई राहतात, सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते. त्या रविवार न चुकवणाऱ्या. चौथ्या खेपेला मी त्यांनाच म्हटलं, मावशी, आपण मिळून वाचूया का? गुरुवारी संध्याकाळी, गच्चीवर, तासभर. पहिल्या दोन-तीन बैठकांतच एक गंमत लक्षात आली. मावशींना शेकडो वचनं पाठ आणि मला पन्नासेक आक्षेप पाठ. पण बायबलमधलं आमोस नावाचं पुस्तक दोघांनीही वाचलेलं नव्हतं.

खालच्या सगळ्या सूचना त्या गच्चीवरच्या आहेत. श्रद्धा असो वा नसो, अडचण एकच असते: आपल्याकडे पुस्तकाचे सुटे तुकडे असतात, पुस्तक नसतं.

आधी स्वतःला विचारा, कशाला वाचायचं?

उत्तर प्रामाणिक असलं म्हणजे झालं, उदात्त असायची गरज नाही. "मुलगी ख्रिस्ती घरात दिली आहे, व्याह्यांशी बोलताना काही समजत नाही" हे उत्तम कारण आहे. "वादात हरवायचंय" हेही कारण आहे, फक्त ते फार दिवस टिकत नाही.

श्रद्धा नसलेल्यांसाठी आपल्या भागातली काही कारणं सांगतो. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. ही माणसं सातासमुद्रापलीकडून इथं येऊन का राबली, हे समजून घ्यायचं तर त्यांच्या उशाला असलेलं पुस्तक एकदा बघावं लागतं. लूकच्या दहाव्या अध्यायात चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला तो परका उचलतो, मलमपट्टी करतो, धर्मशाळेत नेतो, दोन दीनार देतो आणि सांगतो की याहून जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन. डिपॉझिट भरून वर उरलेलं बिलही माझ्या नावावर लावा म्हणणारा नातेवाईक! हॉस्पिटलच्या कॅशखिडकीवर उभं राहिलेल्या कुणालाही ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरं कारण ना. वा. टिळक. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. टिळक तेव्हा ख्रिस्ती नव्हते. वाचता वाचता तेही डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यात येऊन 'देवाचा दरबार' मांडला. म्हणजे बघा, गांधीजी आणि टिळक त्या प्रवचनाच्या त्याच तीन अध्यायांपाशी थांबले. एक हिंदूच राहिले, दुसरे ख्रिस्ती झाले. वाचल्यावर तुमचं काय होईल हे मी कसं सांगू?

श्रद्धावंतांना कारण विचारायचं नसतं, असं मला वाटायचं. पण मावशींच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर आहे. त्यावर गुलाबाच्या चित्राखाली यिर्मया २९:११ छापलंय: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला आशा देणारे आहेत. मावशींनी ते वचन नातवाच्या बारावीच्या वेळी म्हटलं, स्वतःच्या ऑपरेशनच्या वेळीही म्हटलं. आम्ही तो अध्याय सलग वाचला तेव्हा दिसलं की ते एक पत्र आहे. बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. त्याच्या आधीचं वचन म्हणतं की अजून ७० वर्षं इथंच राहावं लागेल. म्हणून घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात कैदी म्हणून आलात त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत जाणार नव्हते. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे पास होण्याचं वचन नाहीच की रे. हे थांबण्याचं आहे." कॅलेंडर अजून तिथंच आहे.

माझ्या आक्षेपांचीही तशीच गत झाली. डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात हे वाक्य मी कितीतरी चर्चांत फेकलं होतं. निर्गमाचा २१वा अध्याय सलग वाचला तर दोनच ओळींनी पुढे येतं की मालकाने दासाचा डोळा फोडला किंवा दात पाडला तर त्याबदली दासाला मोकळं सोडावं. माझा मुद्दा जरा ढिला पडला. पण त्याच अध्यायात थोडं वर असंही आहे की मार खाल्लेला दास एक-दोन दिवस जगला तर मालकाला शिक्षा नाही, कारण दास त्याचं धन आहे. तिथं मुद्दा पुन्हा आवळला.

कुठली प्रत घ्यावी

बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' बहुतेक मराठी ख्रिस्ती घरांत असतं: जाडजूड, काळं रेक्झिन, लाल कडा. त्याची मराठी जुन्या वळणाची, भारदस्त. स्तोत्रं वाचायला तीच बरी. पण नवख्याने पहिल्यांदा सोप्या भाषेतलं भाषांतर घ्यावं, नाहीतर अर्धा वेळ वाक्याचा कर्ता शोधण्यात जातो. मोबाइलवर फुकट ॲप आहेत आणि त्यांत एकाहून अधिक मराठी भाषांतरं मिळतात. निवड करताना २३वं स्तोत्र दोन्हीकडे उघडून मोठ्याने वाचा. जिभेला जे बसेल ते तुमचं. फुकट वाटली जाणारी खिशातली प्रत टाळा, अक्षर मुंगीएवढं असतं.

मराठी भाषांतराची परंपरा २०० वर्षांहून जुनी आहे. विल्यम केरी आणि त्यांच्या मराठी पंडितांनी श्रीरामपूरला मत्तयाचं शुभवर्तमान (येशूच्या चार चरित्रांपैकी एक) १८०५ मध्ये छापलं, नवा करार १८११ मध्ये. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, अडाणी बाईलाही कळावं म्हणून. एका माणसाने, तेही एका बाईने एकहाती हे काम करणं ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

प्रॉटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तकं असतात, ३९ जुन्या करारात आणि २७ नव्या. कॅथलिक प्रतीत ७३. तुमच्याकडे मक्काबी किंवा टोबीत दिसलं तर छपाईची चूक समजू नका.

हे पुस्तक नाही, कपाट आहे

साताऱ्याकडचे लोक दासबोधाशी तुलना करतात. तिथं फसगत होते. दासबोधात २० दशक, प्रत्येकी १० समास, एका माणसाचा आवाज. बायबलमध्ये अनेक शतकं, अनेक हात, तीन भाषा: बहुतेक हिब्रू, थोडी अरामी आणि नवा करार ग्रीक. कायदे, वंशावळ्या, प्रेमगीतं, शिव्याशाप, म्हणी, पत्रं, दरबारी बखरी, सगळं एकाच बांधणीत. म्हणून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायचं बंधन नाही. कपाटातलं पहिलं पुस्तक आधी वाचलंच पाहिजे असं कोण म्हणतं?

'मत्तय ५:३' म्हणजे मत्तय, अध्याय ५, ओवी ३. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात, ओव्यांचे आकडे सोळाव्या. मूळ लेखकांचा त्याच्याशी संबंध नाही, त्यामुळे आकडा आला म्हणून थांबू नका.

कुठून सुरू करायचं

पहिल्या बैठकीत मत्तय ५ ते ७. हेच ते प्रवचन. पाव तासात मोठ्याने वाचून होतं.

दुसऱ्या बैठकीत मार्क, सगळाच्या सगळा. १६ अध्याय, दीड-दोन तास. चार शुभवर्तमानांत हे सगळ्यांत छोटं, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते सगळ्यांत आधी लिहिलेलं. लेखक घाईत आहे. 'लगेच', 'लागलाच' हे शब्द इतके येतात की दम लागतो. आम्ही उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी गच्चीवर आळीपाळीने वाचलं. पाचव्या अध्यायात भुतं डुकरांत शिरतात आणि सुमारे २,००० डुकरं समुद्रात बुडून मरतात. मी विचारलं, "मावशी, त्या डुकरांच्या मालकाचं काय? नुकसानभरपाई?" त्या म्हणाल्या, "पुढं वाच की." पुढे गावकरी येतात, सगळं बघतात आणि येशूला विनवतात, आमच्या हद्दीतून निघून जा. म्हणजे माझा प्रश्न गोष्टीतल्या लोकांना माझ्याआधी पडला होता. सलग वाचण्याचा हा फायदा. शेवटी १६:८ पाशी थांबून बघा. सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत मार्क तिथंच संपतो: बायका कबरेपासून पळतात आणि भीतीने कुणाला काही सांगत नाहीत. पुढच्या ओव्या नंतर जोडल्या असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि बऱ्याच प्रतींत तशी तळटीपही असते.

मग रूथ. चार अध्याय. परदेशी विधवा सून सासूबरोबर बेथलेहेमात येते आणि सातूच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागून सरवा वेचते. 'सरवा' हा शब्द शहरातल्या मुलांना समजावून सांगावा लागेल, आपल्या आज्यांना नाही. गंमत पुढे आहे. रूथ मवाबी. अनुवाद नावाच्या पुस्तकातलं २३:३ म्हणतं की मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही. आणि रूथच्या शेवटी कळतं की ती दावीद राजाची पणजी. एकाच कपाटातली दोन पुस्तकं एकमेकांशी वाद घालताहेत.

योना तर चहाच्या कपाबरोबर संपतो. माशाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, शेवट कुणाला नसतो. शेवट म्हणजे देवाने विचारलेला एक प्रश्न, आणि त्या प्रश्नात गुराढोरांचीही गणती आहे.

यानंतर वाट फुटते. श्रद्धा नसलेल्यांनी उपदेशक घ्यावं: १२ अध्याय, धर्मग्रंथात इतका थकलेला, इतका निर्भ्रम आवाज मी दुसरीकडे ऐकलेला नाही. श्रद्धावंतांनी आमोस घ्यावा. तो मेंढपाळ माणूस. तुमचे सण मला नकोसे झालेत, गाण्यांचा गोंगाट बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असं तो देवाच्या तोंडून सांगतो. भजनात रमणाऱ्यांना तो झोंबतो. मावशींना झोंबला.

आपल्या रानात नेऊन वाचा

मत्तय २० मध्ये द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. तो पहाटे मजूर ठरवतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि दिवस मावळायच्या तासभर आधीही. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच हजेरी देतो. तासगावला माझ्या मित्राची बाग आहे. विरळणी चालू होती, दुपारची भाकरी खाऊन बायका सावलीला बसल्या होत्या. मी मोबाइलवर ती गोष्ट वाचून दाखवली. मित्र फटकन म्हणाला, "असं केलं तर उद्या सकाळी आठला कोण यील? सगळ्या चारलाच येतील." मला वाटलं वाद संपला. टोळीतल्या एक आजी भांडं विसळत होत्या, त्या वर न बघता म्हणाल्या, "पर त्या सांजपतूर नाक्यावर का हुभ्या हुत्या म्हन्ते मी. कुनी नेलंच न्हाई म्हनून ना? चूल त्यांच्याबी घरात हाय." सातव्या ओवीत मजूर नेमकं तेच म्हणतात: आम्हाला कुणी कामाला लावलं नाही. मी ती ओवी वाचून गेलो होतो, आजींनी ऐकली होती.

उत्पत्ती ६ ते ९, म्हणजे नोहाचा पूर, सांगलीकरांनी मुद्दाम वाचावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरात कृष्णा शिरली त्यांना पाऊस किती दिवस पडला यापेक्षा पाणी उतरायला किती दिवस लागले हा भाग जास्त कळेल. आठव्या अध्यायाचं सगळं लक्ष त्याच्यावरच आहे: खिडकी उघडून कावळा सोडणं, कबुतर सोडणं, वाट बघणं, पुन्हा सोडणं, छत काढून जमीन सुकली का बघणं. श्रद्धा नसलेल्यांना इथं आणखी एक धागा मिळतो. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथने ब्रिटिश म्युझियममधल्या मातीच्या पाट्यांवर मेसोपोटेमियातली पुराची गोष्ट वाचली. तिथंही नौका, तिथंही पक्षी. ही उसनवारी की एकाच जुन्या आठवणीच्या दोन वाटा, ते तुम्ही ठरवा. आणि हो, पूर ओसरल्यावर नोहा काय करतो? द्राक्षमळा लावतो, आणि दारू पिऊन तंबूत उघडा पडतो. तासगावच्या मित्राला हे फार आवडलं.

शब्द अडतील

'तारण' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सोनेतारण कर्ज येतं. इथं त्याचा अर्थ पापातून सुटका. 'अनुवाद' म्हणजे भाषांतर नव्हे, ते जुन्या करारातल्या पाचव्या पुस्तकाचं नाव. 'शास्ते' हे राजे होण्याआधीचे पुढारी. 'वल्हांडण' हा मिसरातून (इजिप्तमधून) सुटका झाल्याचा यहुदी सण. 'परूशी' म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या एका पंथाचे लोक. त्यांना ढोंगी समजून मोकळं होऊ नका, आपल्यातले बरेच जण त्यांच्यासारखेच असतो. 'जकातदार' रोमी सत्तेसाठी कर गोळा करायचे, त्यामुळे लोकांच्या मनातून उतरलेले. बाकीच्यासाठी वाईहून निघणाऱ्या मराठी विश्वकोशातली बायबलवरची नोंद वाचा. कुणाच्या बाजूची नाही आणि मराठीत आहे.

पेन्सिल ठेवा, जोडीदार शोधा

खुणा तीनच: कळलं नाही तिथं प्रश्नचिन्ह, पटलं नाही तिथं फुली, मनात राहिलं तिथं आडवी रेघ. मावशी आधी फुली मारायला तयार नव्हत्या, पवित्र शास्त्रावर फुली कशी मारायची! मग १३७वं स्तोत्र आलं. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्या कैद्यांचं गाणं, त्यांना तोंडपाठ. पण पाठ होत्या पहिल्या काही ओळी. शेवटची ओळ शत्रूची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणते. मावशींनी चाळीस वर्षं प्रसूती विभागात काढली आहेत. त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली, फुली मारली आणि पुस्तक मिटलं. त्या गुरुवारी चहा झाला नाही. पुढच्या गुरुवारी त्याच म्हणाल्या की ज्याचं लेकरू आधी कुणी मारलंय तोच असं बोलू शकतो, आणि देवापुढे बोलला म्हणजे निदान हातात दगड तरी घेतला नाही. मला ते पूर्ण पटलेलं नाही. यहोशवा या पुस्तकातल्या कत्तलींबद्दल तर आमचं अजून जमलेलं नाही. पण अशी पानं गाळू नका. श्रद्धावंत ती गाळतात आणि आम्ही फक्त तीच वाचतो, दोन्ही लबाडीच.

जोडीदार शक्यतो आपल्या मताचा नको.

शेजारी विचारतील

टेबलावर बायबल दिसलं की "काय, बाटलास का?" हा प्रश्न येतोच. मावशींनाही उलट बाजूने विचारतात, त्या नास्तिकाबरोबर कशाला बसता म्हणून. मी अशा वेळी जोतिराव फुल्यांचं नाव घेतो. त्यांचं घराणं मूळचं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, त्यामुळे सातारकरांपुढे ते जास्त चालतं. फुल्यांनी एका घराची कल्पना मांडली होती: बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होईल, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एका घरात प्रेमाने राहावं. आम्ही तर नुसते वाचतोय.

आता लेवीय

वर्षभर असं वाचून झालं की लेवीयकडे परत या, पण १९व्या अध्यायातून शिरा. नवव्या-दहाव्या ओवीत लिहिलंय की शेताच्या कडा कापून घेऊ नका, सरवा वेचू नका, द्राक्षमळा झाडून उतरवू नका, गळलेले मणी गोळा करू नका. ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. रूथ ज्या कायद्याच्या आधाराने त्या शेतात वाकली होती तो हा, आणि तो माझ्या नावडत्या पुस्तकात दडून बसला होता.

तासगावच्या मित्राला हेही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "गळलेले मणी उचलायला मजुरी परवडत नाही, त्यामुळं तो नियम मी आपोआप पाळतोय." मग वेलींकडे बघत म्हणाला, "झाडून उतरवू नका म्हणतंय व्हय? किती घड ठेवायचे, आकडा दिलाय का?"

आकडा दिलेला नाही. मी दोनदा बघितलं.